सटवाईचा कोरा कागद: इच्छास्वातंत्र्यावर गावात चार बैठकांचा वर्ग कसा घ्यावा

बाळाच्या पाचवीला पाटावर पूजा मांडतात, तिथं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत मराठवाड्यात अजून आहे. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळीचं सगळं लिहून जाते, अशी समजूत. त्याच घरात वैशाखात सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतात, कारण एकरी बियाणं किती लागेल ते त्यावर ठरतं. लिहिलेलं टळत नाही, आणि तपासून पेरलं तर दुबार पेरणी टळते. ही दोन्ही वाक्यं एकाच ओसरीवर, एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. इच्छास्वातंत्र्याचा वर्ग इथूनच सुरू करावा. परदेशी तत्त्वज्ञांच्या नावांपासून सुरू केला तर दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसं येत नाहीत.

तयारी

काळ चैत्र-वैशाखाचा धरा. ऊसतोडीला गेलेली माणसं परतलेली असतात, परीक्षा संपलेल्या असतात आणि बियाणं तपासायची खरीच वेळ असते. गावातल्या सप्ताहाच्या तारखा आधी विचारून घ्या. बैठक आठवड्यातून एक, संध्याकाळी सातनंतर, दीड तासाची. माणसं १२ ते १५. विसाच्या वर गेली की चार जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात, मग तो वर्ग राहत नाही, भाषण होतं.

सामान थोडंच लागतं. जाड कागदाच्या २४ चिठ्ठ्या, घरचं राखलेलं सोयाबीन १०० दाणे, एक जुनं गोणपाट, १० चिंचोके, साधं गणकयंत्र असलेले दोन-तीन मोबाईल, स्लो मोशन चित्रीकरण होणारा एक मोबाईल, एक लॅपटॉप (दुपारीच पूर्ण चार्ज करून ठेवा, सातला वीज असेलच असं नाही), पोस्टकार्डाएवढे १५ पांढरे पुठ्ठे आणि स्केचपेन. प्रत्येकाला एक वही.

एक नियम पहिल्या मिनिटाला सांगा आणि शेवटपर्यंत मोडू नका: आधी लिहायचं, मग बोलायचं. गुरुजी किंवा गावातली वडीलधारी माणसं आधी बोलली की बाकीच्यांची मतं तिकडंच झुकतात. लिहून झाल्यावर सर्वांत लहान माणसापासून वाचायला सुरुवात करा. दुसरा नियम चालवणाऱ्यासाठी आहे. सटवाई, प्रारब्ध, अंगात येणं यांची टिंगल होऊ द्यायची नाही. हे शब्द म्हणजे या प्रश्नावर आपल्या माणसांनी शतकानुशतकं केलेला विचार आहे. तो तपासायचा, पण हसण्यावारी न्यायचा नाही.

पहिली बैठक: चिठ्ठ्या

मराठीचं व्याकरण या कामात मोठी मदत करतं. आपण ‘कप फोडला’ आणि ‘कप फुटला’ यांत फरक करतोच, शिवाय ‘माझ्या हातून फुटला’ अशी मधली जागाही आपल्याकडं आहे. पाडणं आणि पडणं, सोडणं आणि सुटणं, तोडणं आणि तुटणं: क्रियापदांच्या या जोड्या म्हणजे कर्तेपणाची मोजपट्टीच आहे.

२४ चिठ्ठ्यांवर एकेक वाक्य लिहा. वाक्यं गावातली घ्या. नमुन्यादाखल: शिंक आली. डोळा लागला. त्यानं दार आपटलं. माझ्या हातून तेल सांडलं. मला राहवलं नाही, बोलून गेलो. तंबाखू सुटत नाही. तंबाखू सोडली. तिच्या अंगात आलं. माझं लग्न झालं. उचल घेतली होती म्हणून ऊसतोडीला जावं लागलं. शिकायचं होतं पण शाळा सुटली. पोरगं संगतीनं बिघडलं. पेरणी साधली. बैल बुजला आणि गाडी उलटली.

तीन-तीन जणांचे गट करा. प्रत्येक गटानं आपल्या वाट्याच्या चिठ्ठ्या तीन ढिगांत टाकायच्या: ‘घडलं’, ‘केलं’ आणि ‘भांडण’. एकमत होत नसेल ती चिठ्ठी भांडणाच्या ढिगात जाते. वेळ २० मिनिटं. शिंक आणि दार पटकन निकालात निघतात. तंबाखू, लग्न आणि ऊसतोड अडून बसतात, आणि ती अडावीत म्हणूनच घातलेली आहेत. ‘माझं लग्न झालं’ हे वाक्य तर ज्यानं स्वतः मुलगी पाहून, हट्ट करून लग्न केलं तोही म्हणतो.

भांडणाच्या ढिगातली एकेक चिठ्ठी घेऊन तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं फळ्यावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एक, त्या घडीला त्याला वेगळं करता आलं असतं का? दोन, कुणी नीट समजावलं असतं, किंवा दंडाची भीती असती, तर त्यानं वेगळं केलं असतं का? तीन, जे केलं ते त्याला स्वतःला हवं होतं का?

या तिन्हींची उत्तरं एकसारखी येत नाहीत. तंबाखूवाल्याला सोडायची इच्छा आहे, समजावलेलं पटतंही, तरी हात चंचीकडं जातो. त्याच्यात दोन इच्छा आहेत: तंबाखूची, आणि तंबाखूची इच्छा नसावी अशी दुसरी. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७१ साली नेमका हाच भेद मांडला होता. त्याच्या मते माणूस मुक्त केव्हा, तर वरच्या इच्छेचं खालच्या इच्छेवर चालतं तेव्हा. ऊसतोडीची गोष्ट निराळी आहे. तिथं मन एकसंध आहे, रस्ता मात्र एकच उरलेला आहे. उचल घेताना सही त्यानंच केली. म्हणून ‘केलं’ म्हणायचं, की दुष्काळात दुसरा धंदा नव्हता म्हणून ‘घडलं’? ही चिठ्ठी सोडवायची घाई करू नका. ती भांडणातच राहू द्या.

इथं एक चूक नेहमी होते. कुणीतरी म्हणतं, ‘सक्ती नव्हती ना, मग झाली स्वतंत्र इच्छा.’ सक्ती नसणं आणि कारण नसणं या दोन गोष्टी आहेत. कुणी गळा धरला नव्हता म्हणून इच्छा कुठूनच आली नाही, असं होत नाही. संगत, भूक, बापाची सवय, मेंदूची ठेवण या सगळ्यांतून इच्छा उगवते. ही कारणं आधीपासून साखळीनं ठरलेली असतील, तर निवड खरी की भासापुरती? तत्त्वज्ञानाचा प्रश्न इथं सुरू होतो. पुस्तकी मराठीत साखळीच्या त्या मताला नियततावाद म्हणतात.

उठण्याआधी दाणे लावा. गोणपाट भिजवून पिळून घ्या, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी दोन-दोन बोटं अंतरानं मांडा, वरून ओलं गोणपाट घालून सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज दोनदा पाणी शिंपडायचं काम एकाकडं सोपवा. ठिबकेपर्यंत पाणी घातलं तर दाणे कुजतात आणि बुरशी धरते. उन्हात ठेवलं तर वरची ओळ वाळून जाते. दोन्हींत आकडा खोटा कमी येतो आणि पुढची सगळी चर्चा चुकीच्या आकड्यावर होते. गुंडाळण्याआधी प्रत्येकानं वहीत दोन गोष्टी लिहायच्या: शंभरातले किती उगवतील, आणि बोट ठेवून निवडलेला एक दाणा (ओळ क्रमांक, दाणा क्रमांक) उगवेल की नाही.

दुसरी बैठक: कारण आणि दैव

सातव्या दिवशी गुंडाळी उघडा. निरोगी मोड आलेले मोजा. एकूण आकड्याचा अंदाज घरचं बियाणं ओळखणाऱ्या माणसांचा बराच जवळ जातो. एकेका दाण्याचा अंदाज मात्र कुणालाच नीट साधत नाही.

आता न उगवलेले दाणे हातात घ्या. सोयाबीनचं साल पातळ असतं. मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पोतं उंचावरून आपटलं, ओल जास्त राहिली, तर आतला अंकुर मरतो. काही दाण्यांवर चीर डोळ्यांना दिसते. ज्याला आपण दाण्याचं नशीब म्हणालो होतो त्याच्यामागं बहुतेक ठिकाणी कारण निघतं. उगवण ७० टक्के किंवा वर असेल तर हेक्टरी ७५ किलो बियाणं धरतात, कमी असेल तर त्या प्रमाणात वाढवतात, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरत नाहीत. हे आकडे वर्गात माहीत असतात. त्यांच्यावरूनच सर्वांत महत्त्वाचा भेद समजवायचा आहे, म्हणून या बैठकीतला निम्मा वेळ इथं घाला.

फळ्यावर दोन वाक्यं लिहा.

‘काहीही केलं तरी जे व्हायचं तेच होणार.’

‘जे होतं ते आधीच्या कारणांमुळं होतं, आणि तुझं करणं हे त्या कारणांतलंच एक आहे.’

पहिला दैववाद, दुसरा नियततावाद. लोक दोन्हींना एकच समजतात आणि नियततावाद ऐकला की हात टेकून बसतात. पण दुसऱ्या वाक्यात उगवण तपासणं वाया जात नाही, उलट तेच काम करतं. जग कारणांनी चालतं म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. दाणे कारणाशिवाय उगवत-मरत असते तर गोणपाट भिजवायचा उपयोग काय होता? ‘बरं व्हायचं असेल तर होईन, नाही तर नाही, मग डॉक्टर कशाला’ या विचाराला ग्रीक तत्त्वज्ञ आळशाचा युक्तिवाद म्हणत. त्यावर स्टोइक पंथाच्या क्रिसिप्पसचं उत्तर असं: बरं होणं लिहिलेलं असेल, तर डॉक्टरला बोलावणंही त्यासोबतच लिहिलेलं आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही आपली म्हण त्याच आळशाला टोचून म्हटलेली आहे, हे वर्गात कुणीतरी सांगतंच. नाही सांगितलं तर तुम्ही सांगा.

वर्गात कीर्तनकार किंवा पारायण करणारी माणसं असतील तर भारतीय धागा त्यांनाच उलगडू द्या. पक्का दैववाद आपल्याकडं आजीविक या बुद्धकालीन पंथाच्या मक्खली गोसालानं मांडला. बौद्ध ग्रंथांत त्याचा दाखला येतो: सुताचा गुंडा फेकला की संपेपर्यंत उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ठरलेले फेरे संपवूनच सुटतात. बुद्धानं हे मत कडाडून नाकारलं. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. दैव आहे, पण पाचांतलं एक. योगवासिष्ठात मागच्या जन्मीचा आणि आताचा प्रयत्न हे झुंजणारे दोन एडके आहेत, ज्याचं बळ जास्त तो जिंकतो. म्हणजे तिथं दैव हाही जुना पुरुषार्थच.

इथं एक सावधगिरी, आणि ती बाकी सगळ्या विषयाहून महत्त्वाची. मराठवाड्यात ‘आमच्या नशिबातच नाही’ हे वाक्य कधी नुसतं मत असतं, तर कधी कर्जानं, नापिकीनं पिचलेल्या माणसाचं बोलणं असतं. आवाज पडलेला असेल, माणूस स्वतःच्या संपण्याबद्दल आडून बोलत असेल, तर युक्तिवाद ताबडतोब थांबवा. त्याला भरल्या वर्गात खोडून काढू नका. बैठक संपल्यावर एकट्यानं बोला, सरळ विचारा, घरी सोडायला जा. टेलीमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. हा क्रमांक चारही बैठकांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असू द्या.

उरलेल्या वेळात गणकयंत्राचा प्रयोग. १८१४ साली फ्रेंच गणिती लाप्लास यानं म्हटलं की एका क्षणी विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची बलं ज्या बुद्धीला कळतील, तिला भूत-भविष्य दोन्ही डोळ्यांसमोर दिसतील. म्हणजे सटवाईचीच वही, फक्त गणितात लिहिलेली. ती वाचता येईल का ते पाहू.

नियम एकच: आकडा घ्या, एकातून तो वजा करून त्याच आकड्यानं गुणा, मग चारनं गुणा. आलेल्या उत्तराला पुन्हा तोच नियम लावा. असं दहा वेळा. एका गटाला ०.४ द्या, दुसऱ्याला ०.४०१. पहिल्या पायरीला एकाचं ०.९६, दुसऱ्याचं ०.९६०८. चौथ्या पायरीपर्यंत दोघं जवळजवळ असतात, ०.९९८ आणि ०.९९९. नवव्याला ०.९१९ आणि ०.४७४. दहाव्याला ०.२९८ आणि ०.९९७. नियम पूर्ण ठरलेला, नशिबाला कुठंही जागा नाही, आणि सुरुवातीला एक हजारांशाचा फरक होता. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झला १९६१ साली हेच दिसलं. संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ दिला आणि पुढचं हवामान पार बदललं. पावसाचा अंदाज आठ-दहा दिवसांपलीकडं का ढासळतो, ते इथं सांगून टाका. शेतकऱ्यांच्या वर्गात तो प्रश्न येणारच.

प्रयोग फसतो तो एकाच कारणानं: माणसं उत्तर दोन दशांशांवर तोडून पुढं नेतात. मोबाईलवर आलेला पूर्ण आकडा पुढं न्यायचा. तोच ०.४ तिसऱ्या गटालाही द्या. त्यांची उत्तरं पहिल्या गटाशी तंतोतंत जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर कुठंतरी बोट चुकलं आहे.

निष्कर्ष काढताना जपून. ‘सांगता येत नाही’ म्हणजे ‘ठरलेलं नाही’ असं होत नाही, आणि या प्रयोगातून तेवढंच कळतं. खरी अनिश्चितता अणूंच्या पातळीवर मानली जाते. किरणोत्सारी अणू नेमका केव्हा फुटेल याला आधीचं कारण नसतं, असं बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञ धरून चालतात. यावर उड्या मारत कुणीतरी म्हणेल, ‘झालं, इच्छा मोकळी!’ त्याला विचारा: तुझा हात अणूच्या लहरीनं हलला, तर तो तू हलवलास का? फासा टाकून बाजारात बैल घेणाऱ्याला आपण स्वतंत्र म्हणत नाही.

तिसरी बैठक: आधी हात की आधी इच्छा

सुरुवात एकी-बेकीनं. एकानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन मुठीत चिंचोके घ्यायचे, एक किंवा दोन, मनाला येईल तसे, ५० वेळा. समोरचा आधी अंदाज वहीत लिहितो, मग मूठ उघडते. पहिले २० डाव नुसते पाहायचे. पुढच्या ३० ला एवढाच नियम वापरायचा: याआधीचे दोन डाव जसे पडले तसे पूर्वी कधी पडले होते, आणि त्यानंतर काय आलं होतं? जे जास्त वेळा आलं तेच सांगायचं. बऱ्याच जणांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर येतात. कारण माणूस ‘मनाला येईल तसं’ म्हणत असताना एकसारखे डाव टाळतो. नाणं ५० वेळा उडवलं तर सलग पाच छापे किंवा पाच काटे बहुतेक वेळा एकदा तरी येतात. मुठीत सलग पाच एक्या घेणारा विरळा. ‘मनमर्जी’तही वळण असतं, हे इथं हाताला कळतं.

मग मुख्य प्रयोग. १९६४-६५ मध्ये जर्मनीत कॉर्नहुबर आणि डेके यांना दिसलं की माणूस आपणहून बोट हलवतो त्याच्या आधी मेंदूत एक विद्युत लहर हळूहळू चढते. बेंजामिन लिबेट यानं १९८३ साली तिला घड्याळ जोडलं. लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू व्हायची, आणि माणसं सांगायची त्यानुसार ‘आता हलवावं’ असं त्यांना हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी वाटायचं. म्हणजे इच्छा जाणवण्याच्या साधारण तृतीयांश सेकंद आधीच मेंदू कामाला लागलेला.

मेंदूची लहर मोजायचं यंत्र गावात मिळत नाही. पण घड्याळाचा अर्धा भाग करता येतो, आणि शंका नेमकी त्याच भागावर आहे. लॅपटॉपवर प्रेझेंटेशनची एक पाटी (स्लाइड) उघडा. मोठं वर्तुळ काढून कडेनं घड्याळासारखे ६० भाग करा, दर पाचाला आकडा. वर दुसरं बिनरंगी वर्तुळ, त्याच्या कडेला पण आतल्या बाजूनं एक ठिपका. ठिपका आणि हे वर्तुळ एकत्र बांधून फिरण्याचं ॲनिमेशन द्या. एक फेरी २.५६ सेकंदांची, पाटी संपेपर्यंत पुन्हापुन्हा. ठिपका कडेच्या बाहेर गेला तर फिरण्याचा मध्य सरकतो आणि ठिपका लंगडत फिरतो, म्हणून तो आतच ठेवा. स्टॉपवॉच लावून दहा फेऱ्या मोजा: २५.६ सेकंद आले पाहिजेत. एक भाग म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद.

माणसानं पडद्यापासून हातभर अंतरावर बसून मध्याकडं पाहायचं. पहिली फेरी जाऊ द्यायची. मग वाटेल तेव्हा लॅपटॉपच्या कडेवर बोट टेकवायचं आणि ‘टेकवावं’ असं मनात आलं त्या क्षणी ठिपका कुठं होता तो आकडा सांगायचा. तीन सराव, मग दहा खरे. त्यानंतर आणखी दहा वेळा, पण आता बोट प्रत्यक्ष हललं असं वाटलं त्या क्षणाचा आकडा. चार जणांचं झालं तरी पुरे, बाकीच्यांनी नोंदी करायच्या. स्लो मोशनच्या मोबाईलमध्ये पडदा आणि बोट दोन्ही एका चौकटीत येतील असं धरा. सेकंदाला २४० चित्रं घेत असेल तर चार मिलिसेकंदांपर्यंत पाहता येतं. साधं ३० चित्रांचं चित्रीकरण असलं तरी चूक एका भागाहून कमीच.

हिशेब असा: चित्रात बोट टेकलं ३७ वर, माणूस म्हणाला इच्छा झाली ३२ वर. फरक पाच भाग, म्हणजे २१५ मिलिसेकंद आधी. बोट २ वर आणि इच्छा ५८ वर असेल तर फरक चार भागांचा, छप्पन्नचा नव्हे. दहांची सरासरी काढा. लिबेटनं ४०-४० वेळांची सरासरी घेतली होती, म्हणून दहात आकडे उड्या मारतात आणि काहींची इच्छा बोट टेकल्यानंतरची निघते.

बिघाड दोन ठिकाणी होतो. ‘४५ आला की टेकवीन’ असं आधीच ठरवणारे असतात. त्यांचे आकडे एकाच जागी गोळा होतात, ते बाद करा. आणि तालात टेकवणारे असतात, दर दोन फेऱ्यांना एकदा. त्यांना मधल्या वेळात वीसपासून उलटे आकडे मोजायला लावा.

प्रयोगानंतर प्रत्येकाला एकच प्रश्न लिहायला द्या: आकडा सांगताना कितपत खात्री होती? बहुतेक जण लिहितात की अंदाजानं सांगितला. इच्छेचा ‘क्षण’ दिव्याच्या बटणासारखा नसतो आणि तो पाहणारं लक्ष ठिपक्यातही गुंतलेलं असतं. लिबेटच्या निष्कर्षावरचा पहिला आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडला. तो हौदाच्या उदाहरणानं सांगा. काठोकाठ आलेल्या हौदात वाऱ्यानं पाणी हेलकावतं. मध्येच एखादा हेलकावा काठ ओलांडतो आणि पाणी सांडतं. फक्त सांडल्याच्या वेळा निवडून मागं पाहिलं, तर दर वेळी सांडण्याआधी पाणी चढताना दिसणार. म्हणून हौदानं सांडायचं आधीच ठरवलं होतं असं होत नाही. मेंदूची लहरही असाच हेलकावा असू शकते, आणि निर्णय म्हणजे काठ ओलांडणं. तिसरी गोष्ट अनेकांना सर्वांत पटते. २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की कुठलंही बटण दाबा म्हटल्यावर ती लहर उठते, पण कोणत्या संस्थेला खरे पैसे जावेत असा विचारपूर्वक निर्णय घ्यायचा असतो तेव्हा ती जवळजवळ दिसत नाही. बोट टेकवणं आणि वावर विकणं हे एकाच मापानं मोजू नये.

वर्तमानपत्रात ‘मेंदू दहा सेकंद आधीच ठरवतो’ असं वाचलेलं कुणीतरी असतंच. तो २००८ चा, चुन सिओंग सून या संशोधकाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. डावं की उजवं बटण, हे मेंदूच्या स्कॅनवरून काही सेकंद आधी ओळखता आलं, पण सुमारे ६० टक्केच. नाणं उडवून ५० येतात. तुमच्या एकी-बेकीच्या वहीतला आकडा शेजारी मांडा.

चौथी बैठक: जाणीव, आणि मग जबाबदारी

जाणिवेवर बोलताना गोंधळ होतो तो शब्दांचा. मराठीत चार शब्द आहेत, चारही फळ्यावर लिहा: शुद्ध, भान, जाणीव, चैतन्य. अपघातानंतर डॉक्टर विचारतात, शुद्धीवर आहे का? भजनात रंगलेला शुद्धीवर असतो, पण देहभान हरपलेलं असतं. जाणीव म्हणजे काहीतरी असल्याचं आतून वाटणं, दुखणं दुखल्यासारखं वाटणं. चैतन्य हा वेदान्ताचा शब्द. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून मराठीत तो रुळला, आणि तो मेंदूच्या एखाद्या अवस्थेबद्दल बोलतच नाही. चर्चेत कुणी शब्द बदलला की हात वर करून विचारायचं, ‘यांतला कोणता?’ एवढ्यानं अर्धी भांडणं मिटतात.

पुठ्ठ्यावर डाव्या बाजूला फुली, उजवीकडं आठ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडंच पाहा आणि पुठ्ठा हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. नजर ठिपक्याकडं सरकली तर प्रयोग फसतो. डोळ्यातून नस बाहेर पडते तिथं पाहणाऱ्या पेशी नाहीत, म्हणून ही आंधळी जागा. पण काळं भोक दिसत नाही, पुठ्ठ्याचा पांढरा रंगच दिसतो. आता रेघ काढून त्या रेघेवर ठिपका द्या: ठिपका जातो आणि रेघ अखंड दिसते. जे जाणवतं ते जुळवून घेतलेलं असतं, हे इथं कळतं. उलट बाजूचा दाखला लॉरेन्स वाइस्क्रांट्झच्या रुग्णाचा. पाहण्याचा मेंदूचा एक भाग काढलेला, ‘मला त्या बाजूचं काही दिसत नाही’ असं तो म्हणे, तरी अंदाजानं बोट दाखव म्हटलं की बहुतेक वेळा बरोबर दाखवी. माहिती पोचत होती, जाणीव नव्हती.

वेरूळच्या लेण्यांत वटवाघळं सर्वांनी पाहिलेली असतात. ती आवाजाच्या प्रतिध्वनीनं वाट काढतात, हे शास्त्र पूर्ण समजावून देऊ शकतं. पण वटवाघळाला आतून कसं वाटतं? १९७४ साली टॉमस नेगेलनं हा प्रश्न विचारला, आणि १९९५ साली डेव्हिड चाल्मर्सनं त्याला जाणिवेचा कठीण प्रश्न म्हटलं. मेंदू काय-काय करतो ते सगळं कळलं तरी त्या करण्यासोबत काही ‘वाटतं’ कशाला, हे उरतं. याचं मान्य उत्तर अजून नाही, हे स्पष्ट सांगा आणि पुढं चला. इथं रेंगाळलं तर जबाबदारीला वेळ उरत नाही.

जबाबदारीसाठी सतराव्या शतकातल्या जॉन लॉकची खोली वापरा. माणूस मित्राशी गप्पा मारत खोलीत खुशीनं बसला आहे. बाहेरून कडी लागली आहे, त्याला पत्ता नाही. तो थांबला तो स्वतःच्या मर्जीनं का? जवळजवळ सगळे ‘हो’ लिहितात. मग पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न आठवून द्या: ‘वेगळं करता आलं असतं का?’ त्याचं उत्तर तर ‘नाही’ आहे.

कायदा यातून व्यवहारी वाट काढतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम २२ मनोविकारामुळं कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक असल्याचं कळू न शकणाऱ्याला वगळतं. कलम २३ मध्ये इच्छेविरुद्ध किंवा नकळत नशा दिलेल्याचा विचार आहे. ज्यानं आपणहून दारू घेतली त्याला ती सूट नाही. कारणांची साखळी कुठपर्यंत जाते असं कायदा विचारत नाही. तो विचारतो: कळत होतं का? तुमच्या तीन रकान्यांतल्या दुसऱ्या रकान्याच्या हे सर्वांत जवळ आहे.

शेवटची वीस मिनिटं भिंतींना. एका भिंतीशी उभं राहायचं ते सगळं ठरलेलं आणि म्हणून निवड भास असं मानणाऱ्यांनी. दुसरीशी, निवड खरी म्हणून सगळं ठरलेलं नाही असं मानणाऱ्यांनी. तिसरीशी, सगळं ठरलेलं असलं तरी कळून-सवरून केलेली निवड खरीच असं मानणाऱ्यांनी. चौथीशी, ठरलेलं असो वा नसो, निवड नाहीच असं वाटणाऱ्यांनी. तत्त्वज्ञांची मतं विचारणाऱ्या २०२० च्या फिलपेपर्स पाहणीत व्यावसायिक तत्त्वज्ञांपैकी सुमारे ५९ टक्के तिसऱ्या भिंतीकडं होते. हा आकडा माणसं उभी राहिल्यावरच सांगा, आधी सांगितला तर तीच भिंत भरते.

मग पहिल्या बैठकीतल्या चिठ्ठ्या काढा. त्याच गटांनी पुन्हा ढीग लावायचे. कोणती चिठ्ठी कुठून कुठं गेली ते वहीत लिहून घ्या. तंबाखू बहुतेक हलते. ऊसतोडीची चिठ्ठी ‘भांडणा’तच राहिली तर राहू द्या, फक्त आता गटानं तिच्याखाली लिहायचं की भांडण नेमकं कोणत्या रकान्यात आहे, आणि ते मिटायला त्या माणसात बदल लागेल की गावातल्या पाण्यात, कामात, उचलीत. चिठ्ठ्या पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि वाचनालयाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वैशाखात नव्या गटाचे ढीग लावून झाल्यावर हे पाकीट उघडायचं.